तुकड्यातुकड्यांनी हरलेले खटले

जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या कारखान्यात बायका कामाला होत्या, पण त्या गोऱ्या होत्या. कृष्णवर्णीयही कामाला होते, पण ते पुरुष होते. कृष्णवर्णीय बाईला मात्र १९६४पर्यंत तिथे जवळपास दार बंदच होतं. भेदभावाला मनाई करणारा कायदा आला, दार किलकिलं झालं, हळूहळू काही जणींना नोकरी मिळाली. मग मंदी आली आणि १९७४मध्ये कंपनीने ज्येष्ठतेच्या यादीनुसार कपात केली. शेवटी आलेला आधी बाहेर, या नियमाने १९७०नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका घरी गेल्या. एम्मा डीग्राफनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने त्यांना सांगितलं, की बाई म्हणून दाद मागा किंवा कृष्णवर्णीय म्हणून मागा, दोन्ही एकत्र करून मागता येणार नाही. बाई म्हणून मागाल, तर कंपनीने बायका पूर्वीपासून नेमलेल्या आहेत. वर्णाबद्दल मागाल, तर त्याच कंपनीविरुद्ध दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. ‘कृष्णवर्णीय स्त्री’ असा वेगळा वर्ग मान्य केला तर उद्या कोणकोणते वर्ग समोर उभे राहतील, याची न्यायाधीशांना धास्ती वाटली.

वरच्या न्यायालयाला हा तर्क पुढच्याच वर्षी पटला नाही आणि १९८०मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय स्त्रीचा असा एकत्रित दावा मान्यही केला. १९८९मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने याच निकालापासून सुरुवात करून एक अख्खी विचारसरणी उभी केली. त्यामुळे हा निकाल आज पाठ्यपुस्तकात ‘असं करू नये’ म्हणून शिकवला जातो. पण त्यात दिसलेली सवय गेलेली नाही. माणूस अखंड येतो, त्याची तक्रार अखंड असते, आणि कोर्ट आधी तिचे तुकडे पाडतं. मग एकेक तुकडा उचलून विचारतं, एवढ्याने भेदभाव सिद्ध होतो का? एवढ्याने कधीच होत नाही. अमेरिकेत नोकरीतल्या वर्णभेदाचे आणि लिंगभेदाचे दावे हरतात त्याची कारणं अनेक आहेत, कच्चे दावेही असतातच. पण न्यायालयाच्या हातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान या तुकडे पाडण्यातून होतं, असं माझं म्हणणं आहे.

मूळ कायदा १९६४चा नागरी हक्क कायदा, त्यातला सातवा भाग. अमेरिकेत त्याला ‘टायटल सेव्हन’ म्हणूनच ओळखतात. पंधरा किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करता येणार नाही, एवढं साधं वाक्य. अडचण सिद्ध करण्याची. ‘तू काळा आहेस म्हणून घेत नाही’ असं कोणी लेखी देत नाही.

ती अडचण सोडवायला एक पद्धत तयार झाली तीही सेंट लुईसमधूनच. पर्सी ग्रीन हा विमानं बनवणाऱ्या मॅकडॉनेल कंपनीतला मेकॅनिक आणि रस्त्यावरचा कार्यकर्ता. जुलै १९६४मध्ये, बांधकाम चालू असलेल्या तिथल्या प्रचंड कमानीवर तो आपल्या एका गोऱ्या साथीदारासह चढून बसला होता; सरकारी पैशाने चाललेल्या त्या कामावर कुशल कृष्णवर्णीय कामगार का नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. (ही कमान ज्या जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर उभी आहे, तिथेच ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता.) त्याच वर्षी कंपनीने त्याला कपातीत काढलं. पुढच्या वर्षी मेकॅनिक हवेत म्हणून जाहिरात दिली, त्याने अर्ज केला, आणि तू आमच्या दाराशी निदर्शनं करून रस्ता अडवलास असं सांगून कंपनीने त्याला नाकारलं. १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात तीन पायऱ्या आखून दिल्या. आधी कामगाराने प्रथमदर्शनी गोष्ट मांडायची: मी अमुक गटातला, पात्र होतो, अर्ज केला, नाकारलं गेलं, जागा रिकामीच राहिली. मग मालकाने काहीतरी रीतसर कारण सांगायचं. मग कामगाराने दाखवायचं की ते कारण नुसता बहाणा आहे.

हेतू चांगला होता. कबुलीजबाब नसतानाही कामगाराला कोर्टाच्या दारात पाय ठेवता यावा, म्हणून ही शिडी होती. स्वतः ग्रीन मात्र खटला परत खाली गेल्यावर हरला. आणि त्याच्यासाठी लावलेली शिडी पुढच्या पन्नास वर्षांत दारापुढचं कुंपण झाली. प्रत्येक पायरीवर उपनियम साचत गेले आणि प्रत्येक उपनियमाने पुराव्याचा एकेक भाग बाजूला काढला.

हे घडतं कुठे, ते पाहायला हवं, कारण वर्तमानपत्रात येतात ते ज्यूरीचे निकाल, आणि बहुतेक दावे ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. कामगाराने आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायची. मुदत १८० दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३००. आयोगाकडून दाव्याची परवानगी देणारं पत्र आलं की ९० दिवसांत कोर्टात जायचं. मग कागदपत्रांची देवाणघेवाण, ईमेलचे ढीग, वकिलांच्या कचेरीत शपथेवर घेतलेल्या जबान्या. हे सगळं झाल्यावर मालकाचा वकील अर्ज करतो, की यात वाद घालण्याजोगं काही उरलेलंच नाही, कुठलीही समंजस ज्यूरी वादीच्या बाजूने जाऊच शकत नाही, तेव्हा खटला इथेच संपवा. याला म्हणतात समरी जजमेंट. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच वर्षात तीन निकाल देऊन ही वाट चांगली रुंद करून ठेवली. १९९१मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, या दाव्यांत ज्यूरीचा हक्क दिला, तोपर्यंत ज्यूरीच्या आधी लागणारा हा नाका पक्का झालेला होता.

नियम असा, की या टप्प्यावर न्यायाधीशाने साक्षीदार खरा की खोटा हे ठरवायचं नाही, आणि दोन अर्थ निघत असतील तर कामगाराच्या बाजूचा धरायचा. प्रत्यक्षात निकालपत्रं वाचली की साचा ओळखीचा होतो. साहेबाचा शेरा? तो ‘भरकटलेला शेरा’, निर्णयाशी संबंध नाही. ज्याने काढलं त्यानेच नेमलं होतं? मग त्याच्या मनात द्वेष कसा असेल? साहेबाचं कारण चुकीचं निघालं? असेल, पण त्याचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता. दुसऱ्याने तीच चूक केली आणि त्याला काही झालं नाही? पण त्याचा विभाग वेगळा, वरिष्ठ वेगळा. एकेका वाक्यात एकेक पुरावा निकालात निघतो आणि शेवटी कामगाराकडे काहीच नव्हतं असं म्हणता येतं.

यातला ‘भरकटलेला शेरा’ आला कुठून, ही गोष्ट तर चमत्कारिक आहे. ॲन हॉपकिन्स प्राइस वॉटरहाउस या हिशेब कंपनीत होत्या. १९८२मध्ये भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई ही एकटीच. परराष्ट्र खात्याचं अडीच कोटी डॉलरचं काम मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भागीदारी लांबणीवर पडली आणि त्यांच्या पाठीराख्या भागीदारानेच त्यांना सल्ला दिला: जरा बायकी चाला, बायकी बोला, रंगरंगोटी करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि बाईने कसं असावं याच्या ठोकळेबाज अपेक्षा लादणं हाही लिंगभेदच, हे कायद्यात रुजलं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी वेगळ्या मतात जाता जाता म्हटलं, की निर्णयाशी संबंध नसलेले भरकटलेले शेरे तेवढ्याने पुरेसे नाहीत. म्हणणं वाजवी आहे. ‘तेवढ्याने पुरेसे नाहीत’ याचा खालच्या न्यायालयांनी केलेला अर्थ मात्र ‘मुळीच जमेस धरायचे नाहीत’ असा झाला. शेऱ्यांच्या जोरावर जिंकलेल्या खटल्यातून शेरे फेकून देण्याचं हत्यार निघालं.

याचं टोक पाहायचं तर अलाबामातल्या गॅड्सडेन गावी जायला हवं. तिथल्या टायसन फूड्सच्या कोंबड्यांच्या कारखान्यात अँथनी ॲश आणि जॉन हिथन हे दोघे कृष्णवर्णीय पर्यवेक्षक. पाळी प्रमुखाच्या दोन जागा निघाल्या, दोन्ही गोऱ्यांना गेल्या. निर्णय घेणारा व्यवस्थापक या दोघांना ‘बॉय’ म्हणत असे. अमेरिकेच्या दक्षिणेत बाप्या माणसाला, तो कृष्णवर्णीय असेल तर, ‘ए पोरा’ म्हणून हाक मारण्याला गुलामगिरीपासूनचा इतिहास आहे. अलाबामात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अपील न्यायालयाला मात्र तो लागू वाटला नाही. ‘बॉय’च्या आधी ‘काळा’ असं विशेषण लावलं असेल तर तो वर्णद्वेषाचा पुरावा, नुसतं ‘बॉय’ म्हणजे काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आपली पात्रता निवडलेल्यांपेक्षा जास्त होती असं दाखवायचं, तर तो फरक कागदावरून उडी मारून तोंडात चपराक मारेल इतका ठळक हवा, अशी त्यांची कसोटी. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी खोडल्या. शब्दाचा अर्थ संदर्भावर, स्वरावर, स्थानिक रीतीवर, इतिहासावर ठरतो, हे देशातल्या सर्वोच्च पीठाला लिहून द्यावं लागलं! तरीही २०१०मध्ये त्याच अपील न्यायालयाने हिथनच्या बाजूचा कौल पुन्हा उलटवला, आणि सगळीकडून टीका झाल्यावर २०११मध्ये आपलाच निकाल मागे घेतला. या काळात अलाबामातल्या दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी हिथनचं ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला होकार दिला होता. ज्यूरी पूर्वग्रहदूषित असतात म्हणून न्यायाधीशांनी चाळणी लावायला हवी, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

त्याच गॅड्सडेनमध्ये गुडइयरचा टायरचा कारखाना होता. लिली लेडबेटर तिथे १९७९पासून १९९८पर्यंत. नोकरीच्या शेवटाकडे कुणीतरी निनावी चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचवली. तिचा पगार महिना ३,७२७ डॉलर. तिच्याच हुद्द्यावरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६, सगळ्यात जास्त पगाराच्याला ५,२३६. ज्यूरीने तिला न्याय दिला. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो काढून घेतला. इथे तुकडे पडले ते काळाचे. प्रत्येक वर्षीची पगारवाढ हा स्वतंत्र निर्णय, त्या निर्णयापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जुना भेदभाव आजच्या पगारात झिरपतो, तो मोजायचा नाही. पगार गुप्त ठेवायचे आणि तक्रार वेळेत का केली नाही म्हणून विचारायचं! न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत न्यायासनावरून मोठ्याने वाचून दाखवलं: पगारातला भेदभाव थेंबाथेंबाने साचतो, पहिल्या थेंबाला कोणी कोर्टात धावत नाही. दोन वर्षांत काँग्रेसने कायदा बदलला. जानेवारी २००९मध्ये बराक ओबामांनी अध्यक्ष म्हणून सही केलेला पहिला कायदा तो. लेडबेटरला स्वतःला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही. २०२४मध्ये ती वारली.

मालकाच्या बाजूचं म्हणणं मी ऐकलेलं आहे आणि ते सगळंच पोकळ नाही. नोकरी गेली की माणूस दुखावतो आणि दुखावलेल्याला कारण हवं असतं. प्रत्येक दावा ज्यूरीपुढे गेला तर छोटा कारखानदार वकिलाच्या फीखालीच दबून जाईल, आणि निर्दोष मालकही पैसे देऊन मोकळा होईल. खरोखर काहीच नसलेले दावे न्यायाधीशाने आधी निकाली काढावेत, यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की काही नाही हे ठरवायचं कसं? सगळं एकत्र पाहून ठरवलं तर हरकत नाही. २०१६मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी तेच सांगितलं. हा माणूस काही कामगारांचा कैवारी म्हणून ओळखला जात नाही. मेक्सिकन वंशावरून शिव्या खाल्लेल्या एका माल वाहतूक दलालाचा दावा होता. खालच्या न्यायालयाने ‘थेट’ पुरावा एका ढिगात, ‘अप्रत्यक्ष’ दुसऱ्या ढिगात घातला आणि दोन्ही ढीग लहान म्हणून खटला बंद केला. ईस्टरब्रुक म्हणाले, पुरावा तो पुरावा, सगळा एकत्र बघा आणि एकच प्रश्न विचारा: या माणसाच्या वंशामुळे त्याची नोकरी गेली असं समंजस ज्यूरीला वाटू शकतं का? न्यायालयांचा वेळ वाचवायचा असेल तर याहून सोपी रीत मला दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा मार्ग मात्र नागमोडी आहे. सेंट लुईसचाच आणखी एक खटला १९९३चा, मेल्विन हिक्स या तुरुंग खात्यातल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षकाचा. मालकाने दिलेली कारणं खोटी होती असं खालच्या न्यायाधीशाने स्पष्ट नोंदवलं आणि तरी हिक्सला हरवलं, कारण वैयक्तिक आकस असू शकतो. मालकाने हे कारण कधी पुढेच केलेलं नव्हतं. पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. खोटं बोलणाऱ्याचा फायदा झाला. २०००मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ही धार बरीच बोथट केली गेली, पण हिक्सचा निकाल रद्द झालेला नाही.

२०२४मध्ये पुन्हा सेंट लुईस. पोलीस सार्जंट जतोनिया मल्ड्रो गुप्तवार्ता विभागात नऊ वर्षं होत्या. नव्या प्रमुखाला त्या ‘धोकादायक’ कामासाठी पुरुष हवा होता, म्हणून त्यांची बदली झाली. हुद्दा तोच, पगार तोच. गेलं ते साध्या वेशातलं काम, ठरलेल्या वेळा, मिळालेली गाडी, वजन. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मोजमाप केलं आणि नुकसान पुरेसं मोठं नाही म्हणून सांगितलं. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालाने ती फूटपट्टी मोडली: काही नुकसान झालं एवढं पुरे, ते मोठं असावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. जून २०२५मध्ये ओहायोच्या मार्लीन एम्स यांच्या खटल्यात एकमताने ठरलं, की बहुसंख्य गटातल्या वादीकडून जास्तीचा पुरावा मागता येणार नाही. एम्स भिन्नलिंगी आहेत आणि समलिंगींना आपल्यावर प्राधान्य मिळालं, असा त्यांचा दावा. अनेक पुरोगामी मंडळी या निकालाने नाराज झाली. मी झालो नाही. कायद्यात ‘कोणत्याही व्यक्तीला’ असं लिहिलेलं असेल तर गोऱ्याला, पुरुषाला, बहुसंख्याला वेगळा उंबरठा नको. कायदा वादीला अखंड पाहतो, हे तत्त्व आपल्याला सोयीच्या वादीपुरतं ठेवता येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. १९८१चा एअर इंडिया आणि नर्गेश मिर्झा यांचा खटला आठवावा. हवाई सुंदरींनी ३५व्या वर्षी निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडायची. विमानात तशीच सेवा देणारे पुरुष ५८पर्यंत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची ठेवली, आणि बाकीच्यासाठी म्हटलं की हे दोन वेगळे संवर्ग आहेत. शिवाय घटनेच्या कलम १५मध्ये ‘केवळ’ लिंगावरून भेदभाव नको असं लिहिलंय. लिंग आणि आणखी काही असेल तर तो ‘केवळ’ लिंगभेद नव्हे. म्हणजे जनरल मोटर्सचाच तर्क, मुंबईच्या विमानातला. हा अर्थ खोडणारं मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी २०१८मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वरच्या नवतेज जोहर खटल्यात लिहिलं. मधल्या काळात १९८७मध्ये मुंबईच्याच ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिकेच्या खटल्यात न्यायालयाने तुकडे पाडायला नकार दिला होता. ‘या बायका साहेबांच्या खाजगी लघुलेखिका, त्यांचा वर्गच निराळा’ असं मॅकिनन मॅकेन्झी कंपनी सांगत राहिली. न्यायालयाने काम पाहिलं, ते पुरुष लघुलेखकांसारखंच होतं, आणि पगार समान करायला लावला. तो १९७६च्या समान वेतन कायद्याच्या जोरावर. खाजगी नोकरीतल्या जातिभेदाला, धर्मभेदाला आवर घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे आजही नाही, हे अमेरिकेला धडे देण्याआधी लक्षात असलेलं बरं.

आणि जात आता तिकडच्या न्यायालयांतही पोचली आहे. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला, की भारतीय व्यवस्थापकांनी एका दलित अभियंत्याला जातीवरून डावललं. कंपनीने आरोप नाकारला. त्या व्यवस्थापकांवरचा वैयक्तिक दावा २०२३मध्ये मागे घेतला गेला. कायद्यात जात हा शब्दच नाही. ती वंशात बसवायची, मूळ राष्ट्रीयत्वात की धर्मात? सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीचा उल्लेख आपल्या नियमांत घातला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सध्याच्या कायद्यात हे येतंच असं सांगून त्यावर सही केली नाही. येतं हे त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. पण सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी दलित मुलीला साहेबाने आडनाव विचारून बाजूला सारलं, तर तिची तक्रार जन्माची, वंशाची, बाई असण्याची, सगळ्यांची मिळून असेल. तिला डीग्राफनरीडसारखं कोणत्या एका खिडकीवर उभं राहायचं ते विचारलं जाईल, अशी भीती मला वाटते, आणि म्हणून जात स्पष्ट लिहिलेली बरी.

दुरुस्ती दोन ठिकाणी लागेल. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एम्स खटल्यात तीन पायऱ्यांच्या पद्धतीवरच प्रश्नचिन्ह लावलं आहे. त्यांच्याशी माझं इतर फारसं जुळत नाही, इथे जुळतं. पद्धत जावी आणि समरी जजमेंटला ईस्टरब्रुक यांचा एकच प्रश्न राहावा. दुसरं काम काँग्रेसचं. लैंगिक छळाची तक्रार मालकाच्या खाजगी लवादापुढे सक्तीने नेण्याला २०२२च्या कायद्याने मनाई केली, वर्णभेदाच्या तक्रारीला ती सवलत नाही. उलट नुकसानभरपाईत वर्णभेदाला मर्यादा नाही, कारण त्यासाठी १८६६चा जुना कायदा वापरता येतो, आणि लिंगभेदाला आहे: पाचशेहून जास्त कामगारांच्या कंपनीलाही मानसिक त्रास आणि दंड धरून तीन लाख डॉलर. ही रक्कम १९९१पासून एका डॉलरनेही वाढलेली नाही. लेडबेटरला ज्यूरीने तीस लाखांहून जास्त दिले होते. या मर्यादेमुळे ते तीन लाख साठ हजारांवर आले, आणि तेही पुढे हातचे गेले ते वेगळंच.